सगुणाबाईंच्या वाडीची चढण

“…पण आबा, ती इच्छा टिकत का नाही? सुरुवात तर मी दरवेळी करतोच.”

आबा अंगण झाडत होते. खराटा थांबला नाही.

“किती वेळा केलीस सुरुवात?”

“मोजलं नाही.”

“बरं केलंस.”

रेव्हरंड प्रसन्न केदारी बाकावर बसले होते. बाक दोन माणसांसाठी केलेलं होतं. ते एकटेच बसले होते, तरी शेजारी जागा उरली नव्हती.

केदारी चव्वेचाळीस वर्षांचे. आसपासच्या तालुक्यांत त्यांच्यासारखा उपदेशक नाही असं लोक म्हणत, आणि केदारी लोकांचं मन मोडत नसत.

आबा म्हणजे रेव्हरंड शांतवन रणभिसे. केदारी पाळक झाले ते आबांच्या हाताखाली. निवृत्त झाल्यावर आबा पुण्याला मुलाकडे जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, मुलालाही. ते डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत येऊन राहिले. लोक त्या जागेला आश्रम म्हणत. आबा घर म्हणत.

“तुम्ही या वयात व्यायाम करता का, आबा?”

“अंगण मोठं आहे.”

केदारींनी घाम पुसला. ते मोटारीतून उतरून बाकापर्यंत आले होते, तेवढ्याचाच तो घाम.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“साखर वाढली आहे. हृदयावर ताण आहे. रोज चाला म्हणाले.”

“मग?”

“मग मी त्यावर उपदेशमाला घेतली.”

आता खराटा थांबला.

“कशावर?”

“देह हे देवाचं मंदिर आहे, यावर. ओळीनं काही रविवार. मंडळीला फार आवडली. बरेच जण चालायला लागले, आबा. थोरातांचं तर वजन उतरलं.”

“आणि तू?”

“मी…” केदारी म्हणाले, “मी पुढच्या रविवारची तयारी करत होतो.”

त्या उपदेशांनी भारावून मंडळीतल्या एका कंत्राटदारानं पाळकगृहाला ट्रेडमिल भेट दिलं होतं. सुरुवातीला केदारी त्यावर प्रार्थनापूर्वक चालले. मग पाळकीणबाई त्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. यंत्र दणकट निघालं. कंत्राटदारानं दिलेलं असूनही टिकलं.

“प्रार्थना केलीस?”

“रोज करतो. प्रभू, मला व्यायामाची इच्छा दे.”

“केव्हा करतोस?”

“पहाटे.”

“कुठं?”

केदारी जरा घुटमळले.

“अंथरुणात.”

आबांनी वाळलेल्या पानांचा ढीग कडेला लोटला.

“मला एखादं वचन द्या, आबा. मनाला धरून ठेवील असं.”

“तुला पाठ नाही असं वचन मी कुठून आणू?”

“मग काहीतरी युक्ती सांगा.”

“प्रसन्न, पोट सुटलं म्हणून तू माझ्याकडे येणार नाहीस. ते काही आज सुटलेलं नाही. काय झालंय?”

केदारी गप्प झाले. त्यांच्या ओळखीच्या लोकांनी हे दृश्य फारसं पाहिलेलं नव्हतं.

“वरच्या वाडीवर सगुणाबाई आहेत…”

आबांनी खराटा भिंतीला टेकवला आणि ते उंबऱ्यावर बसले.

“बोल.”

वाडी डोंगराच्या माथ्यावर होती. तिथं ख्रिस्ती घर एकच. सगुणाबाईंचे यजमान कधीकाळी मिशनच्या शाळेचे मास्तर म्हणून वर गेले. शाळा बंद पडली, मास्तर वारले, घरामागेच त्यांना मूठमाती दिली. सगुणाबाई खाली आल्या नाहीत. पुढं मुलगाही वारला, तरी सुनेला घेऊन वरच राहिल्या. गाडीरस्ता नव्हता. पायवाट होती, आणि तिला वाट म्हणायला मन मोठं लागे.

“नाताळाच्या आधी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, या वयात हलवू नका, आहेत तितके दिवस आहेत. त्यांना माझ्या हातून प्रभुभोजन घ्यायचं आहे.”

“मग दे.”

“मी इथं आल्यापासून एकदाही वर गेलेलो नाही, आबा. एकदा निघालो होतो. उंबरापर्यंत गेलो.”

“उंबर तर पायथ्यालाच आहे.”

“हो.”

“मग काय केलंस?”

“तिथूनच वर हात करून आशीर्वाद दिला.”

“पोचला का?”

केदारींनी मान खाली घातली.

“परवा वाडीची माणसं डोली घेऊन खाली आली. मला वाटलं, बाईंनाच आणलं. पाहतो तर डोली रिकामी. माझ्यासाठी आणली होती…”

“बसलास?”

“आबा!”

“मग?”

“चौघं होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक म्हणाला, थांबा, आणखी दोघं बोलावून आणतो.”

आबांना हसू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

“मी त्यांना परत पाठवलं. तब्येत बरी नाही म्हणालो. जाताना त्यांनी बाईंचा निरोप सांगितला.”

“काय?”

“पाळकांना म्हणावं, घाई नाही. पण उशीर नको.”

आबांचं हसू गेलं.

पानांच्या ढिगावर एक कोंबडी चढली, तिनं तो सगळा पुन्हा अंगणभर केला, आणि आबा नुसते पाहत राहिले.

“म्हणून म्हणतो, आबा. माझं मन घट्ट करा. एकदा इच्छा बसली की महिनाभर सराव करीन, मग चढेन.”

“घरी जाऊन प्रभुभोजन देतोस, ती लहान पेटी आहे ना तुझ्याकडे?”

“आहे. नवीन आहे.”

“कुठं आहे?”

“कपाटात.”

“उद्या पहाटे ती काढ. भाकर ठेव, द्राक्षारस भर. पेटी घे आणि चढायला लाग.”

“मी पोचणार नाही, आबा.”

“ठाऊक आहे.”

“मग भाकर कशाला?”

“तू फिरायला निघालेला नाहीस. एका बाईचं जेवण घेऊन निघाला आहेस. वाटेत तुझा दम संपला, एवढंच.”

“आणि दम संपल्यावर?”

“जिथं थांबशील तिथून तिला हाक मार. नाव घेऊन. मोठ्यानं.”

“आणि मग?”

“परत ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.”

“रोज?”

“तिला रोज भूक लागत असेल.”

केदारी अस्वस्थ झाले. बाक करकरलं.

“आबा, मी कुठं थांबलो ते साऱ्या गावाला ऐकू जाईल.”

“लोकांनी ऐकावं याची तुला सवय आहे.”

“पण… एखाद्या दिवशी इच्छाच झाली नाही तर?”

“इच्छा घेऊन जा असं मी कुठं म्हणालो? पेटी घेऊन जा म्हणालो.”

केदारी उठले. सलाम करून निघाले. मन नाराज होतं. मागायला आले होते वचन, पदरात पडली हमाली.

पहिल्या दिवशी ते उंबरापर्यंतही पोचले नाहीत. शेताच्या बांधावर टेकले. छातीचा भाता जरा शांत झाल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हाक मारली.

“सगुणाबाई!”

माईकशिवाय आपला आवाज कसा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

एक टिटवी ओरडत उठली. वरून काही नाही.

फाट्यावरच्या चहावाल्या काशिनाथला चार दिवस काही कळेना. मग कळलं, आणि त्याच्या गिऱ्हाइकांची सकाळ मजेत जाऊ लागली.

“पाळकसाहेब, आज गाडी कुठवर गेली?”

“उंबरापर्यंत.”

“म्हणजे विनंती थांबा!”

सगळे हसत. केदारी पेटी छातीशी धरून पुढं जात. पूर्वी त्यांना पाहून लोक उठून उभे राहायचे. आता जागा करून देत आणि विचारत, “बसता का? पाणी देऊ?”

उंबर मागं पडलं. पुढं दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं, तिथवर ते पोचू लागले. टाक्याच्या वर काळा कातळ होता. तो खालून लहान दिसे आणि जवळ गेलं की मोठा होई.

वरून ओ कधीच आली नाही.

एका दुपारी ते पुन्हा आबांकडे आले. आबा सुपात हरभरे निवडत होते.

“कमरेचा पट्टा सैल झाला, आबा.”

“बरं.”

“डॉक्टर खूश आहेत. हे पाहा, फोनच मोजतो, किती चाललो ते.”

“सगुणाबाईला दाखवलंस?”

केदारींनी फोन खिशात घातला.

“त्याच संदर्भात आलो. आबा, वरून काही उत्तर येत नाही. मी एवढ्या जिवाच्या आकांतानं हाक मारतो. त्यांना ऐकूच जात नसेल. किंवा रागावल्या असतील. हे चाललंय त्याला काही अर्थ आहे का?”

“तू प्रार्थना करतोस, तेव्हा ओ येते?”

केदारींनी सुपातला एक हरभरा उचलला आणि परत सुपात टाकला.

“लोकांना काय सांगतोस रविवारी?”

“करत राहा म्हणून सांगतो.”

“ते ऐकतात?”

“ऐकतात.”

“भोळे आहेत बिचारे,” आबा म्हणाले आणि एक खडा काढून अंगणात टाकला.

मग तो दिवस आला.

आदल्या संध्याकाळी केदारींची दुसऱ्या गावी सुवार्ता सभा होती. सभा उत्तम झाली. मंडप भरला होता, माईक चांगला होता. घरी यायला उशीर झाला. पहाटे जाग आली तेव्हा थंडी होती. केदारींनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि आत घेतला. देहाला विश्रांतीही हवी, असा विचार त्यांच्या मनात आला. पाठोपाठ त्याला आधार म्हणून दोन वचनंही आली. वचनं त्यांना कधी कमी पडली नव्हती. शिवाय वरून ओ देतंय कोण?

ते झोपले.

दुसऱ्या दिवशीही उठायला उशीरच झाला. ते पोह्यांची बशी घेऊन बसले होते. दारात एक बाई उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. उजाडायच्या आधीच निघाली असावी.

“सलाम, पाळकसाहेब. मी रूथ. वरच्या वाडीची. सगुणाबाईंची सून.”

केदारी उभे राहिले. त्यांना वाटलं, संपलं.

“कशा आहेत त्या?”

“त्या हायेत तशा हायेत. तुम्ही बरे आहात ना?”

“मी? मला काय झालंय?”

“काल हाक नाही आली.”

पोह्यांचा चमचा हातात तसाच राहिला.

“तुम्हाला… ऐकू येते?”

“पहिल्या दिवसापासनं. सकाळच्या पारी डोंगरात समदं ऐकू येतं. मी चुलीत फुंकर घालायची थांबते.”

“मग एकदाही ओ कशी दिली नाहीत?”

“मी देणार होते की! आत्या म्हणाल्या, नको गं. त्यांना दम लागलाय. आपण ओ दिली, तर बिचाऱ्यांना परत बोलावं लागंल.”

केदारी खाली बसले. स्वयंपाकघराच्या दारात पाळकीणबाई येऊन उभ्या होत्या.

“आवाजावरनं आत्या ओळखत्यात,” रूथ सांगत होती. “आज बांधाशी हायेत. आज उंबरापाशी. आज टाक्यावर आले बघ. मग डोळे मिटत्यात आणि प्रार्थना करत्यात.”

“कशासाठी?”

रूथ ओशाळली. पदर सारखा केला.

“तुमच्या गुडघ्यांसाठी.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“आणि काल?”

“काल त्यांनी भाकरीला हात लावला नाही. म्हणाल्या, पाळक आजारी पडले. दिवसभर तुमच्यासाठीच मागत होत्या देवाला. तोंड सुकलं त्यांचं. आज म्हणाल्या, तू खाली जा, बघून ये. औषध घेतलं का विचार.”

आपण झोपलो होतो, हे केदारींनी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही. हेही त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

त्यांनी पेटी घेतली.

“चला.”

“आत्ता? साहेब, ऊन होईल. तुमचे पोहे…”

“चला, रूथबाई.”

काशिनाथच्या टपरीवर माणसं होती. पाळक रोजच्या वेळेला नव्हते, आणि पुढं वाडीची बाई होती. कुणी काही विचारलं नाही. काशिनाथनं हातातला कप खाली ठेवला.

बांध. उंबर. टाकं. टाक्यावर केदारी थांबले नाहीत. कातळ आला. कातळावर हात टेकत, गुडघे घासत, पेटी एकदा या काखेत एकदा त्या काखेत घेत ते वर सरकले. रूथ पुढं होती. तिनं हात दिला नाही. दिला असता तर दोघंही खाली गेली असती, आणि हे दोघांनाही समजत होतं.

कातळाच्या माथ्यावर ते बसले. समोर शेवटची चढण. वर घराची कौलं दिसत होती.

“हाक मारा, साहेब,” रूथ म्हणाली. “आत्या वाट बघत असतील.”

केदारींनी तोंड उघडलं. आवाज फुटेना.

“मारा की.”

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. छातीवर हात ठेवला.

“मग आत्यांना कळायचं कसं?”

केदारींनी तिच्याकडे पाहिलं. मग चढणीकडे पाहिलं.

हाक मारण्याएवढा दम उरला नव्हता, म्हणून ते स्वतःच गेले.

खाट दाराशी ओढलेली होती. उशी वाटेकडे केली होती. तिच्यावर एक चिमणीएवढी बाई होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता.

“कोण?” ती म्हणाली. आणि मग, कुणी काही सांगायच्या आत, “बसा, पाळकसाहेब. आधी दम घ्या. रूथ, पाणी दे गं.”

केदारी भुईवर बसले. पाणी प्यायले. पेटी उघडली, फडकं अंथरलं, भाकर ठेवली, पेला ठेवला. वाडीतली माणसं दाराशी जमली होती. ती ख्रिस्ती नव्हती. त्यातल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरची मुंडाशी काढून हातात घेतली. सांगितलं कुणीच नव्हतं.

केदारींनी विधी सुरू केला. “प्रभू येशूनं…” आणि श्वास तुटला.

सगुणाबाईंनी पुढचे शब्द म्हटले.

केदारींनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तुटलं. पुन्हा तिनं पुरं केलं. मास्तरांच्या काळापासून तिला सगळं पाठ होतं. असं अर्धं त्यांचं, अर्धं तिचं, करत दोघं शेवटापर्यंत गेली. साऱ्या आयुष्यात केदारींनी इतक्या कमी आवाजात विधी केला नव्हता. दाराशी उभी असलेली माणसं पुढं सरकून ऐकत होती.

तिनं भाकर घेतली. पेल्याला ओठ लावले. बराच वेळ डोळे मिटून राहिली.

केदारींना उपदेश करायचा होता. प्रथा होती. त्यांनी शब्द शोधला, आणि मग शोधणं सोडून दिलं.

“गुडघे कसे हायेत?” सगुणाबाईंनी विचारलं.

“बरे आहेत.”

“आता उद्या नका येऊ. थंडी हाय.”

“येतो.”

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर रोज गेले. वाटेत आता एकदाच थांबत, टाक्यापाशी, आणि तिथून हाक मारत. ओ आली नाही. त्यांनी त्याबद्दल पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला ते आबांकडे आले. मोटार आणली नव्हती. आबा आडावर पाणी शेंदत होते.

“गेली?” आबांनी पोहऱ्याकडे पाहतच विचारलं.

“मंगळवारी. पहाटे.”

“तू?”

“टाक्यापाशी होतो. हाक मारली. थोड्या वेळानं रूथ खाली येताना दिसली. म्हणाली, हाक ऐकली त्यांनी. टाक्यावर आले म्हणाल्या. मग प्रार्थनेला डोळे मिटले.”

आबांनी दोर सोडला. पोहरा खाली गेला, आणि पाण्याला लागल्याचा आवाज वर आला.

“खांदा दिलास?”

“दिला. मास्तरांशेजारी ठेवलं. काशिनाथ आला होता. त्यानं टपरी बंद ठेवली.”

“यावर उपदेश करशील?”

“नाही.”

“का रे?”

“तयारी झालेली नाही.”

आबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पोहरा ओढू लागले. केदारींनी पुढं होऊन दोर हातात घेतला, आणि आबांनी तो दिला.

“मग आता?”

“तेच विचारायला आलोय, आबा. आज पहाटे आपोआप जाग आली. पेटी उचलली. दारापर्यंत गेलो… आणि परत आलो.”

“का?”

“वर कोण आहे आता? रूथ भावाकडे गेली. घराला कडी आहे.”

पोहरा वर आला. केदारींनी तो काठावर ठेवला.

“डॉक्टर म्हणतात, चालणं सोडू नका. साखर उतरली आहे. पण ते कारण मला पुरत नाही. आधीही पुरलं नव्हतं. देह मंदिर आहे, हेही मला पुरलं नाही. लोकांना पुरलं. मला ती एकटी म्हातारी पुरली. ती होती, म्हणून पाय उचलत होता.” त्यांचा आवाज खाली आला. “आता पुन्हा मी गोधडीत जाईन, आबा. मला माहीत आहे मी कसा आहे. मला भीती वाटते. कुणाला हाक मारायला चढू?”

आबांनी पोहऱ्यातलं पाणी घागरीत ओतलं. घागर भरली. काठावरून थोडं सांडलं, दगडावर पसरलं, दगड काळा झाला. दोघं त्या दगडाकडे पाहत राहिले. ऊन वर येत होतं आणि समोरच्या डोंगराची ती वाट, उंबरापासून कातळापर्यंत, एकेक वळण करून उजळत चालली होती.

“प्रसन्न.”

“जी, आबा.”

“इतके दिवस हाक तू मारत होतास, असं वाटत होतं तुला?”